किल्लीचं पहिलं अक्षर

बाई तिसऱ्या वर्षाला जुन्या गुप्तलिप्या शिकवत. विषय ऐच्छिक होता, आणि ऐच्छिक विषयांच्या वाट्याला येते तशीच खोली आमच्या वाट्याला आली होती. गॅलरीच्या टोकाला, मोडक्या बाकांच्या खोलीशेजारी, फळ्याचा एक कोपरा निखळलेला. आम्ही मोजकीच मुलं होतो. निम्मी वेळापत्रकात दुसरं काही बसत नव्हतं म्हणून आलेली.

बाईंचे केस पांढरे होते आणि चष्मे दोन. एक डोळ्यांवर, एक गळ्यात दोरीला. पहिल्याच तासाला त्या म्हणाल्या होत्या, "या विषयात हुशारीचा फारसा उपयोग नाही. हुशार माणूस लवकर अंदाज करतो, आणि मग स्वतःच्याच अंदाजाच्या प्रेमात पडतो. इथे सोशिक माणसं लागतात."

"म्हणजे आमचे बाबा चालतील," मागून वकील म्हणाला. तो काही खरा वकील नव्हता. प्रत्येक गोष्टीत 'मुद्दा असा आहे की' म्हणून सुरुवात करायचा, म्हणून ते नाव पडलं होतं.

बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. खडू घेऊन फळ्याकडे वळल्या.

त्यांची पद्धत मला अजून जशीच्या तशी आठवते. आधी मजकुराचे कपडे उतरवायचे. काना, मात्रा, वेलांटी, उकार, शब्दांमधल्या मोकळ्या जागा, सगळं काढून टाकायचं. उरतात ती नुसती अक्षरं, एका ओळीत, थंडीत उभी केल्यासारखी. मग अ पासून ळ पर्यंतची अक्षरं वर्तुळावर मांडायची आणि मजकुरातलं प्रत्येक अक्षर काही घरं पुढे सरकवायचं. सगळी सारखीच सरकवली तर तो पोरखेळ झाला. कारण आपल्या भाषेत र, त, न, ल, च ही मंडळी सगळीकडे गर्दी करतात, आणि ढ, झ, ठ कोपऱ्यात उभी असतात. वेष बदलला तरी गर्दी करणारा गर्दीच करतो. जास्त वेळा कोण दिसतंय ते मोजलं की सोंग उघडं पडतं.

म्हणून जुन्या लोकांनी किल्ली शोधून काढली. एखादा शब्द घ्यायचा, समजा 'दगड'. मजकुराचं पहिलं अक्षर द सांगेल तितकं, म्हणजे वर्तुळावर द ज्या क्रमांकावर आहे तितकी घरं, सरकवायचं, दुसरं ग सांगेल तितकं, तिसरं ड सांगेल तितकं. चौथ्याला पुन्हा द. अशी किल्ली मजकूर संपेपर्यंत रहाटासारखी फिरत राहते. आता र प्रत्येक वेळी निराळा दिसतो आणि गर्दी ओळखू येत नाही.

"मग काय करायचं?" बाईंनी विचारलं. आणि मग त्यांनीच सांगितलं.

"किल्ली दमत नाही, पण तिला नवीन काही सुचतही नाही. ती फिरून फिरून तेच करते. तेवढंच पकडायचं." एकच तुकडा दोन ठिकाणी दिसला तर मधलं अंतर मोजायचं. त्यावरून किल्ली किती अक्षरांची ते कळतं. लांबी कळली की मजकूर तितक्या रांगांत वाटून घ्यायचा, आणि मग प्रत्येक रांग म्हणजे पुन्हा तोच पोरखेळ.

मला हे फार आवडलं. का ते तेव्हा सांगता आलं नसतं. एवढंच की घरी येतानाही मी दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं मोजत यायचे.

सहामाहीनंतर बाईंनी प्रत्येकाला एकेक पान दिलं. स्वतःच्या हाताने, निळ्या शाईत लिहिलेलं. प्रत्येकाचा मजकूर वेगळा, किल्लीही वेगळी. ते सोडवून पद्धत समजावून सांगायची, आणि त्यावरच वर्षाचे निम्मे गुण.

दोन आठवडे झाले तरी एकाचंही पान सुटलं नाही.

चिमणीने, म्हणजे माझ्या शेजारी बसणाऱ्या माझ्या मैत्रिणीने, पहिल्या चार दिवसांतच हात टेकले. वकिलाने ते पान कॉम्प्युटरला घातलं. कॉम्प्युटरनेही हात टेकले. मग मात्र वकिलाचा पारा चढला.

"मुद्दा असा आहे की," तो गॅलरीत सगळ्यांना गोळा करून म्हणाला, "मला येत नाही हे मी एक वेळ मान्य करीन. पण कॉम्प्युटरला येत नाही म्हणजे पानंच चुकीची आहेत. बाईंचं वय झालंय. तास संपला की पळतात, शंका विचारायला थांबत नाहीत. आणि भोगायचं आपण."

"नाचता येईना, अंगण वाकडं," कुणीतरी म्हणालं.

"अरे, पण अंगण खरंच वाकडं असलं तर?"

त्याने अर्ज लिहून आणला होता. बाईंकडून हा विषय काढून घ्यावा, तो कॉम्प्युटरच्या सरांना द्यावा, आणि या पानाचे सगळ्यांना सरसकट गुण द्यावेत. विभागप्रमुखांना तो आधीच भेटून आला होता. ते म्हणाले होते, सगळ्या वर्गाच्या सह्या असतील तर बाईंना थांबवतो, एक जरी कमी असली तरी मला यात ओढू नका.

माझी सोडून सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या. चिमणीचीसुद्धा.

"तुझं सुटलंय का?" वकिलाने मला विचारलं.

"नाही."

"मग?"

"सोमवारपर्यंत थांब."

"सोमवारी कुठे उजेड पडणार आहे?"

"नाही पडला तर करीन सही."

चिमणी जिना उतरताना म्हणाली, "तुला बाईंचा एवढा कळवळा का गं? फुकटचे गुण मिळतायत, घे की."

"कळवळा नाही," मी म्हणाले. "पान चुकीचं आहे हे मला अजून दिसलेलं नाही. न बघता कसं लिहून देऊ?"

"तू ना, देवळातल्या घंटेसारखी आहेस. कुणी वाजवलं तरी तोच आवाज."

रविवारी दुपारी मी आईच्या शिवणाच्या टेबलावर पान पसरलं. घरात मोठं टेबल तेवढंच. आई तिकडे खिडकीपाशी जपाची माळ घेऊन बसली होती. दादा जेवून आडवा झाला होता. त्याचं कुलुपं दुरुस्त करायचं दुकान आहे, आणि माझ्या या विषयाची त्याला पहिल्यापासून गंमत वाटे.

"किल्ली नसलेलं कुलूप उघडायला शिकायचं, आणि त्याला कॉलेज?" तो पडल्या पडल्या म्हणाला. "दुकानात ये. आठवड्यात तयार करतो. वर चहा देतो."

"तुझी कुलुपं उघडली की आत काय असतं?"

"लोकांच्या चपला. घराची किल्ली हरवली म्हणून बाहेर उभे असतात बिचारे."

मी पुन्हा पानाकडे वळले. दोन आठवडे मी अख्खं पान एकदम घेत होते. तुकडे सापडत, पण त्यांची अंतरं एकमेकांशी जुळत नसत. त्या दिवशी ठरवलं, लोभ सोडायचा. फक्त वरच्या चार ओळी घ्यायच्या, बाकी पानावर वही ठेवून झाकून टाकायचं. बाकी जगात काही नाहीच असं समजायचं.

वरच्या ओळींत अंतरं जुळली. किल्ली चार अक्षरांची होती. चार रांगा केल्या. एवढ्याशा मजकुरात मोजून फारसं हाती लागत नाही, म्हणून एकेक शक्यता घालून, खोडून, पुन्हा घालून बघत बसले. आई मधे एकदा उठून माझ्याजवळ पाणी ठेवून गेली, ते मला नंतर रिकामा पेला दिसल्यावर कळलं.

आणि मग पहिली ओळ उघडली. सखळसलझलकतअधमगचयचकवर. क्षणभर काहीच कळलं नाही. मग अक्षरांना एकेक कपडा चढवत गेले. साखळी सैल झाली की ती आधी मागच्या चाकावर. सायकलची साखळी कशी बसवावी याबद्दलचा मजकूर होता तो. बाई नेहमी म्हणत, मजकूर इतका नीरस हवा की अंदाज करायला जागाच राहू नये. आणि किल्ली होती 'करवत'.

"दादा, सुटलं," मी म्हणाले.

"काय निघालं आत?"

"सायकलची चेन बसवायची कशी ते."

तो उठून बसला. "दोन आठवडे डोकं फोडून? शेजारच्या पंक्चरवाल्याला विचारायचं होतंस."

पण माझा आनंद पाचव्या ओळीपर्यंतच टिकला. एका शब्दाच्या ऐन मधे अक्षरं पुन्हा विस्कटली. मी खूप वेळ खटपट केली. मग लक्षात आलं, तिथे किल्लीचं एक अक्षर गाळलं गेलंय असं धरलं तर पुढचं वाचता येतं. हात घसरला असेल. पुढे गेले. पुन्हा विस्कटलं. इथे दोन अक्षरं गाळली होती. आणखी पुढे एका ठिकाणी उलट झालं होतं, एक अक्षर दोनदा वापरलेलं. कुठे गाळलंय, कुठे वाढवलंय, कशाला काही धरबंद नव्हता. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय.

मी पेन्सिल खाली ठेवली. वकिलाचं बरोबर होतं. पान चुकीचं होतं, आणि मला ते आता दिसलं होतं. उद्या सही करायला मला काहीच अडचण नव्हती. तरी वाईट वाटत होतं. चिमणीच्या भाषेतला कळवळाच म्हणा.

"आई, माझा निळा शर्ट कुठंय?" दादाने विचारलं.

"दोरीवर," आई म्हणाली. मग तिने हातातल्या माळेकडे पाहिलं, थोडी थांबली, आणि बोटांनी माळ मागे ओढत ओढत पहिल्या मण्यावर आणली.

"अगं, जिथे होतीस तिथून पुढे जा की," दादा म्हणाला. "माझ्यामुळे सगळी माळ परत?"

"कुठे होते ते आठवत नाही. आणि आठवलं तरी, मधे बोलले ना. मग पहिल्यापासून."

"देव एवढा हिशोब ठेवतो?"

"देव नाही रे ठेवत. मीच ठेवते. आता बोलू नकोस."

मी आईच्या बोटांकडे बघत राहिले. मग पेन्सिल उचलली आणि पाचव्या ओळीवर, जिथे विस्कटलं होतं तिथे, करवतचा क ठेवला. बरोबर आलं. दुसऱ्या ठिकाणी गेले. तिथेही क. तिसऱ्या ठिकाणी, जिथे एक अक्षर दोनदा आलंसं वाटलं होतं, तिथेही क च होता. गाळलेलं काही नव्हतं, वाढवलेलंही नव्हतं. सगळीकडे एकच गोष्ट झाली होती. मधेच कुठेतरी थांबून बाईंनी किल्ली पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरू केली होती.

मी तशा प्रत्येक जागी पेन्सिलीने उभी रेघ मारली. सुरुवातीला रेघा एकमेकींपासून लांब होत्या. खाली खाली येताना जवळ येत गेल्या. शेवटच्या ओळींत तर एका वाक्यातच दोनदा. घसरलेला हात असा घसरत नाही. हे कुणीतरी पुन्हा पुन्हा टेबलावरून उठत होतं आणि पुन्हा पुन्हा येऊन बसत होतं.

संध्याकाळी चिमणीकडे जाऊन तिचं पान पाहिलं. किल्ली वेगळी, मजकूर पाणी उकळण्याचा, पण रेघा तशाच. ती म्हणाली, "म्हणजे बाई चुकल्याच ना शेवटी?"

"हो," मी म्हणाले. "चुकल्या."

सोमवारी तास दुपारी होता. सकाळीच मी बाईंच्या घरी गेले. पत्ता कारकुनांकडून घेतला. दुसऱ्या मजल्यावर, दाराशी झाडाची एक कुंडी. दार बाईंनीच उघडलं. त्या चकित झाल्या, पण 'ये' म्हणाल्या.

पुढच्या खोलीत टेबलावर पुठ्ठ्याच्या दोन चकत्या होत्या, एकावर एक ठेवून मधे टाचणी लावलेल्या, कडेने अक्षरं. निळ्या शाईची बाटली. अर्धवट लिहिलेलं एक पान.

"बाई, माझं पान सुटलं," मी म्हणाले. "पण त्यात..."

"गाडी किती वाजता आहे?" आतल्या खोलीतून एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला.

बाई उठल्या. "आले हं," मला म्हणाल्या, आणि आत गेल्या. आतून त्यांचा आवाज ऐकू येत होता. "साडेपाचला. अजून पुष्कळ वेळ आहे. सामान भरून झालंय सगळं. पाणी हवंय?" मग पांघरूण सारखं केल्याचा आवाज. मग त्या बाहेर आल्या, बसल्या, चष्मा बदलला. "हं. काय म्हणत होतीस?"

मी पान पुढे सरकवलं. उभ्या रेघा दाखवल्या. सांगायला सुरुवात केली, आणि अर्ध्यावर आले असताना आतून पुन्हा आवाज आला. "अगं, गाडी किती वाजता आहे?"

बाई पुन्हा उठल्या. पुन्हा तेच उत्तर, त्याच आवाजात, जणू हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदाच ऐकला असावा. साडेपाचला. अजून पुष्कळ वेळ आहे. आवाजात कंटाळा कुठेच नव्हता. मी शोधला, खरं सांगते.

त्या परत आल्या तेव्हा मी रेघांकडे बघत बसले होते. मला आता काही समजावून सांगायचं राहिलं नव्हतं, आणि त्यांनाही ते कळलं असावं.

त्यांनी चकत्या ओढून घेतल्या आणि माझं पान स्वतः तपासायला लागल्या. ओठ हलत होते. पहिल्या रेघेपाशी थांबल्या. दुसरीपाशी थांबल्या. तिसरीनंतर चकत्या खाली ठेवल्या.

"सगळ्यांची पानं अशीच?"

"मी दोनच बघितली. माझं आणि चिमणीचं."

"शितावरून भाताची परीक्षा," त्या म्हणाल्या. मग चकत्यांकडे बघत, "आत जाऊन आले की मी थेट पहिल्या अक्षरावर जात असणार. मला कळलंसुद्धा नाही. जपाची सवय. हात आपोआप तिकडेच जातो."

"आईचंही तसंच आहे," मी म्हणाले.

"पण आईच्या माळेवर कुणाचे गुण अवलंबून नाहीत." त्यांनी गळ्यातला चष्मा पुसला. "दर वर्षी मी प्रत्येक पान उलटं सोडवून बघायचे. या वेळी नाही बघितलं. वेळ मिळाला नाही असं नाही, बसवलं नाही. चूक ती. बाकीचं आपलं घडलं."

मग मी त्यांना अर्जाबद्दल सांगितलं. सांगावं की नाही याचा विचार करतच आले होते, पण पुढ्यात बसल्यावर लपवता येईना. विभागप्रमुख काय म्हणाले तेही सांगितलं. "पण आज तासाला मी सगळ्यांना सांगते बाई. घरी असं आहे म्हणून झालं. ते अर्ज मागे घेतील."

"घेतील," बाई म्हणाल्या. "कीव करून घेतील. मग उरलेलं वर्ष मी त्या किवेवर शिकवायचं का?"

मी टेबलावरच्या पानाची घडी घालायला लागले.

"चूक जाणून घ्यायचा वर्गाला हक्क आहे. ती वर्गाला सांग, जशी आहे तशी, काही न झाकता. चुकीमागचं कारण मात्र आमच्या दोघांचं आहे. तुला ते दिसलं, कारण तू नीट बघितलंस. दुसऱ्याचं वाचायला तुला मी शिकवलं. वाचलेलं पोटात ठेवायला मात्र शिकवायचं राहिलं. ते आज शीक."

आतून आवाज आला. त्या उठल्या. मी पान घेतलं आणि दार हळूच ओढून घेतलं.

दुपारी विभागप्रमुख वर्गात येऊन मागच्या बाकावर बसले होते. वकिलाने बोलावलं होतं त्यांना. अर्ज त्याच्या खिशातून डोकावत होता. बाई आल्या, हजेरी घेतली, आणि मला फळ्याकडे बोलावून स्वतः माझ्या जागेवर, चिमणीशेजारी जाऊन बसल्या. चिमणी आक्रसून भिंतीला टेकली.

मी फळ्यावर पान उतरवलं. झाकलेल्या ओळी, चार रांगा, करवत, सायकलची साखळी. वर्ग हसला. मग पाचवी ओळ. इथे किल्ली मधेच पुन्हा पहिल्या अक्षरावर येते, मी म्हणाले, आणि अशी वाटेत अनेकदा येते. ही पान तयार करतानाची चूक आहे. पण सगळीकडे एकच चूक आहे, त्यामुळे पान सुटतं. तुकड्या तुकड्याने घ्या, विस्कटलं की किल्लीच्या पहिल्या अक्षरावर या.

काही वेळ नुसता कागदांचा आवाज. मग कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "माझं छत्रीबद्दल आहे." दुसऱ्याचं सुरीला धार लावण्याबद्दल निघालं. खोलीत हळूहळू बडबड सुरू झाली.

वकील मात्र लिहीत नव्हता. "मुद्दा असा आहे की," तो म्हणाला, "किल्ली मधेच पहिल्यापासून का येईल? माणूस असं का करेल?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. चिमणीही. मी हातातला खडू खाली ठेवला.

"लक्ष दुसरीकडे गेलं असेल," मी म्हणाले.

"कुठे?"

"ते पानावर नाही लिहिलेलं."

"पण तुला काहीतरी माहितीय."

"मला पान माहितीय," मी म्हणाले. "तेवढंच सांगायला उभी आहे."

बाई बाकावरून उठल्या. "मी सांगते. काम करताना मला मधे मधे उठावं लागलं, आणि नंतर मी पानं तपासली नाहीत. तुमचे दोन आठवडे माझ्यामुळे वाया गेले. ते मला परत देता येणार नाहीत. अर्ज द्यायचा असेल तर तो योग्य आहे, त्याचं मला वाईट वाटणार नाही." विभागप्रमुखांकडे वळून त्या म्हणाल्या, "सर, तुमचा जो निर्णय असेल तो."

विभागप्रमुखांनी वकिलाकडे पाहिलं. वकिलाने खिशातला अर्ज काढला, उलगडला. माझ्या सहीची जागा अजून रिकामीच होती. त्याने तो पुन्हा घडी करून बाकाच्या खणात टाकला.

"आधी माझं पान सुटू दे," तो म्हणाला. "मग बघू. कॉम्प्युटरला काय, तो मेला सरळ रेषेत चालतो. त्याला काय माहीत, माणसं मधे उठतात."

तास संपला तेव्हा विभागप्रमुखांनी बाईंना गॅलरीत थांबवलं. विषय तुमच्याकडेच राहू द्या, पण यापुढे प्रत्येक पान दुसऱ्या कुणीतरी तपासल्याशिवाय वर्गात यायचं नाही, असं ते म्हणाले. बाई म्हणाल्या, बरोबर आहे, पण या विभागात हे येतं कुणाला? मी दारात वह्या गोळा करत उभी होते. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

तेव्हापासून आठवड्यातून एकदा मी बाईंच्या घरी जाते. दुसऱ्या एका वर्गाची पानं असतात, पुढच्या वर्षाची असतात. बाई चकत्या फिरवतात आणि लिहितात. मी किल्लीच्या कागदावर बोट ठेवून बसते, आणि त्या पुढे गेल्या की बोट पुढे सरकवते. आतून आवाज आला की त्या उठतात. मी बोट हलवत नाही. परत आल्या की विचारतात, "कुठे होतो?" मी अक्षर सांगते.

परवा मात्र एक झालं. बाई आत गेल्या होत्या. बाईंच्या बाबांनी नेहमीचा प्रश्न विचारला, आणि बाईंनी नेहमीचं उत्तर दिलं. पण त्यावर ते म्हणाले, "तू येणार आहेस ना बरोबर?" हे मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. बाईंनीही ऐकलं नसावं, कारण थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग त्या म्हणाल्या, "येणार तर. तिकिटं दोन आहेत."

त्या बाहेर आल्या, बसल्या. चष्मा बदलायला वेळ लावला. "हं. कुठे होतो?"

मी खाली पाहिलं. माझं बोट कागदावर नव्हतंच. हात मांडीवर होता.

"बाई, मला माहीत नाही," मी म्हणाले. "मी ऐकत होते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पान जवळजवळ भरत आलं होतं, शेवटच्या दोन ओळी तेवढ्या बाकी होत्या. अंदाजाने सांगितलं असतं तर कदाचित बरोबरही आलं असतं.

बाईंनी ते पान उचललं, आडवं फाडलं, आणि दोन्ही तुकडे टेबलाखालच्या टोपलीत टाकले. नवा कागद घेतला. शाईची बाटली जवळ ओढली.

"ठेव बोट," त्या म्हणाल्या.